सूक्ष्मजीव: घरात, शेतात आणि पाण्यात – उपयोगी कोणते, घातक कधी?

थोडक्यात महत्त्वाचे

- बहुतेक सूक्ष्मजीव आपल्याला काहीही त्रास देत नाहीत. अनेक तर उपयोगीच असतात. आजार करणारे त्या मानाने थोडे आहेत.
- तोच जिवाणू एका जागी उपयोगी आणि दुसऱ्या जागी घातक असू शकतो.
- साध्या जुलाबात जीव वाचवते ती जलसंजीवनी, अँटिबायोटिक नव्हे.
- पाणी उकळणे, दूध उकळणे, हात धुणे आणि वेळेवर लस घेणे या चार सवयी बहुतेक संसर्ग रोखतात.

'जंतू' म्हटले की आपल्याला आधी आजार आठवतो. पण रात्री लावलेले विरजण, गोठ्यातला मुरघास, शेतातले शेणखत आणि गोबरगॅसची शेगडी, ही सगळी कामे जंतूच करतात. दौंड-शिरूर पट्ट्यात ऊस, दूधधंदा आणि कोंबडीपालन घरोघरी आहे, आणि भीमा व मुळा-मुठेचे पाणीही याच भागातून वाहते. त्यामुळे इथल्या कुटुंबांचा सूक्ष्मजीवांशी संबंध शहरातल्यापेक्षा जास्त जवळचा येतो. कोणाला जवळ ठेवायचे आणि कोणाला दूर, हे माहीत असेल तर दवाखान्याच्या अनेक फेऱ्या वाचतात.

## सूक्ष्मजीव म्हणजे कोण?

नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव म्हणजे सूक्ष्मजीव. त्यांचे मुख्य प्रकार चार.

जिवाणू (बॅक्टेरिया): एका पेशीचे जीव. साधारण एक मिलिमीटरचा हजारावा भाग एवढे लहान. टीबी, टायफॉइड, धनुर्वात यांना कारण ठरतात. दही लावणारेही जिवाणूच.

विषाणू (व्हायरस): जिवाणूंपेक्षाही कितीतरी लहान, साध्या सूक्ष्मदर्शकातून न दिसणारे. दुसऱ्या जीवाच्या पेशीत शिरल्याशिवाय ते वाढू शकत नाहीत. सर्दी, फ्लू, डेंगी, कावीळ अ आणि ई, रेबीज हे विषाणूंचे आजार.

बुरशी: नायटा करणारी, शेंगदाण्यावर वाढणारी, तशीच पावात आणि मळीत काम करणारी यीस्टसुद्धा.

आदिजीव: हिवताप आणि आमांश करणारे एकपेशीय जीव.

हे प्रकार लक्षात ठेवण्याचे कारण एकच. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. पुढे याचा संदर्भ पुन्हा येईल.

## तुमच्या शरीरात राहणारे पाहुणे

माणसाच्या शरीरात जेवढ्या पेशी आहेत, साधारण तेवढेच जिवाणू त्याच्या अंगावर आणि आत राहतात. यातले सर्वाधिक मोठ्या आतड्यात असतात. ते फुकट राहत नाहीत.

- ज्वारी-बाजरीच्या भाकरीतला, डाळी-उसळींतला आणि पालेभाज्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते पचवतात. त्यातून तयार होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात.
- व्हिटॅमिन के आणि काही बी जीवनसत्त्वे तयार करतात. नवजात बाळाच्या आतड्यात हे जिवाणू अजून रुजलेले नसतात आणि शरीरात साठाही कमी असतो. म्हणून जन्मल्याबरोबर बाळाला व्हिटॅमिन केचे इंजेक्शन देतात.
- जागा अडवून ठेवतात. बाहेरून आलेल्या घातक जंतूला पाय रोवायला जागा मिळत नाही.

स्त्रियांच्या योनिमार्गातही लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू असतात. ते आम्ल तयार करून इतर संसर्ग दूर ठेवतात. म्हणून तो भाग साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुऊ नये. त्याने राखणदारच निघून जातात.

आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचे अन्न असतात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या, असे आम्ही सांगतो, त्याचे हेही एक कारण.

## स्वयंपाकघर आणि गोठा

विरजण. कोमट दुधात चमचाभर दही घातले की त्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लामुळे दुधातले प्रथिन गोठते आणि दही लागते. हेच आम्ल इतर अनेक जंतूंना वाढू देत नाही. ज्यांना दूध पिऊन पोट फुगते त्यांना दही-ताक बहुधा चालते, कारण दुधातली काही साखर जिवाणूंनी आधीच संपवलेली असते. ज्वारीची आंबील, इडलीचे पीठ हीदेखील अशाच आंबण्याची उदाहरणे.

मुरघास. मका बारीक कुट्टी करून, दाबून, हवाबंद ठेवला की दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद त्यात आम्ल तयार करतात आणि चारा महिनोन्‌महिने टिकतो. पिशवी फाटून हवा शिरली की मात्र बुरशी वाढते. काळा-पांढरा, कुजका वास येणारा भाग जनावराला घालू नका. त्यातले विष दुधात उतरू शकते.

विरजण लागत नाही तेव्हा. गायीच्या कासेला दगडी झाली की पशुवैद्य अँटिबायोटिक देतात. त्या दिवसांतले दूध विरजले तर कधीकधी दही लागतच नाही. कारण दुधात उतरलेल्या औषधाने विरजणातले जिवाणू मारलेले असतात. असे दूध तुमच्या मुलाने प्यायले तर त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंवरही परिणाम होऊ शकतो. औषधाच्या लेबलवर जितके दिवस सांगितले असतील तितके दिवस ते दूध घरी वापरू नका आणि डेअरीलाही घालू नका.

## शेत, कारखाना आणि औषध

हरभरा, भुईमूग उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसतात. त्यांत रायझोबियम जिवाणू असतात. हवेतला नत्र ते पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. उसाच्या आत राहून नत्र देणारा ॲसिटोबॅक्टर हा जिवाणू ब्राझीलमध्ये शोधला गेला. आपल्याकडे तो आता जिवाणू खत म्हणून मिळतो. शेणखत कुजवणारे, गोबरगॅसमध्ये शेणापासून मिथेन तयार करणारे, कारखान्याच्या मळीपासून इथेनॉल बनवणारे, असे सगळे सूक्ष्मजीवच. हाताला लावायच्या सॅनिटायझरमधला अल्कोहोलसुद्धा मळीच्या आंबण्यातून येऊ शकतो. म्हणजे एका सूक्ष्मजीवाने तयार केलेल्या पदार्थाने आपण दुसऱ्याला मारतो.

औषधांचेही तसेच आहे. पेनिसिलिन बुरशीपासून मिळाले आणि टीबीवरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूपासून. १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्याच संस्थेत मातीतल्या एका जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले गेले. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात 'पिंपरी' हे नाव आजही आहे.

## मित्र शत्रू कसा होतो?

सूक्ष्मजीव चांगला की वाईट हे बरेचदा तो कुठे आहे आणि किती आहे यावर ठरते.

जागा बदलली की. ई. कोलाय हा जिवाणू तुमच्या-आमच्या आतड्यात असतोच. त्याच्या बहुतेक जाती तिथे निरुपद्रवी. पण तोच मूत्रमार्गात शिरला तर लघवीला जळजळ, वारंवार लघवी, ताप असा त्रास होतो. शेतात दिवसभर काम करणाऱ्या स्त्रिया आडोसा नसल्यामुळे पाणी कमी पितात आणि लघवी रोखून धरतात. त्यांना हा त्रास जास्त होतो. पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय सापडला, तर त्याचा अर्थ त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे.

प्रमाण वाढले की. नदीत थोडे सांडपाणी आले तर पाण्यातले जिवाणू प्राणवायू वापरून ते खातात आणि नदी स्वतःला साफ करते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. घाण जिवाणूंना पेलण्यापलीकडे वाढली की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू सडक्या अंड्यासारखा वास सोडतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात हेच जिवाणू हवा पुरवून वाढवतात आणि घाण नदीत जाण्याआधीच त्यांना खाऊ घालतात.

शरीर कमजोर झाले की. मधुमेह, किडनीचा आजार, कॅन्सरचे उपचार, स्टिरॉइडच्या गोळ्या, वाढते वय यांत एरवी गप्प बसणारे जंतूही उठतात. घरात असा रुग्ण असेल तर पुढची काळजी दुप्पट घ्या.

## पाणी: पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये काय झाले?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत हातापायांतली ताकद अचानक जाणारे रुग्ण मोठ्या संख्येने आले. आजार होता गीया-बारे, म्हणजेच जीबीएस. पुढच्या काही आठवड्यांत पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही मृत्यूही झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला, तर काहींत नोरोव्हायरस. दूषित पाण्याकडे संशयाचे बोट गेले.

जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही. आधी जुलाब किंवा सर्दी-तापासारखा संसर्ग होतो. त्याच्याशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिकारशक्ती उभी करते, ती क्वचित चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. जुलाबानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येतात, जिना चढता येत नाही, मग अशक्तपणा वर हातांकडे सरकतो. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. वेळेत इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण सुधारतात, पण त्याला महिने लागू शकतात. जुलाब झालेल्या प्रत्येकाला जीबीएस होत नाही, अगदी थोड्यांना होतो. तरीही एक गोष्ट लक्षात राहू द्या: दूषित पाण्याचा परिणाम दरवेळी पोटापुरताच राहत नाही.

हाच जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यातही राहतो. चिकन आतपर्यंत शिजलेले हवे, गुलाबी भाग राहता कामा नये. कच्चे चिकन कापलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर कोशिंबीर कापू नका. कच्चे चिकन नळाखाली जोरात धुतले तर शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात, तेही टाळा.

दूषित पाण्यातून टायफॉइड, कॉलरा, आमांश आणि कावीळ अ व ई हेही आजार होतात. गरोदरपणात कावीळ ई विशेष धोकादायक असते. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्याच्या औषधासाठी एक दिवसही घालवू नका.

### घरी पाणी कसे सुरक्षित कराल?

- पाणी खळखळून उकळू द्या, उकळी आल्यावर निदान एक मिनिट. मग झाकून थंड करा.
- उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनचे औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबून मगच प्या. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या.
- पिण्याचे पाणी ओगराळ्याने काढा. उकळलेल्या पाण्यात ग्लास आणि बोटे बुडवली तर सगळी मेहनत वाया.
- बोअरचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते सुरक्षित असेलच असे नाही. शौचालयाचा शोषखड्डा आणि विहीर किंवा बोअर यांत किमान ५० फूट अंतर हवे.
- ग्रामपंचायतीकडे एचटूएस बाटलीची तपासणी मागा. बाटलीत पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर ते पिऊ नये.
- उकळल्याने जंतू मरतात, पण रसायने आणि नायट्रेट जात नाहीत. कारखान्याच्या किंवा नदीच्या जवळच्या बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.
- रसवंतीवर बर्फाशिवाय रस मागा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यावा असा नियम आहे, पण बिनरंगी बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे तुम्हाला कळत नाही.

## दूध आणि शिळे अन्न

न उकळलेले दूध. धारोष्ण दूध पौष्टिक, असा समज गावोगावी आहे. उकळल्याने दुधातले प्रथिन आणि कॅल्शियम जात नाही, पण ब्रुसेला आणि टीबीचे जंतू मात्र मरतात. ब्रुसेलोसिसमध्ये आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, घाम, कंबर आणि सांधे दुखणे असा त्रास होतो. हा आजार जनावराचा गर्भपात झाल्यावर वार हाताने काढणाऱ्यालाही होतो. हे काम हातमोजे घालूनच करा. ताप लांबला आणि घरी जनावरे असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. एवढ्या एका माहितीवरून निदान लवकर होते. चिकाचे खरवसही पूर्ण वाफवूनच खा.

शिळा भात. भात शिजला तरी बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात. रात्रभर भात ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी खमंग फोडणी दिली तरी ते विष जात नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. फोडणीचा भात करायचाच असेल तर भात शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.

लग्नातला प्रसंग. बासुंदी, खव्याची मिठाई, श्रीखंड अशा पदार्थांना स्वयंपाक्याच्या हातावरच्या पिकलेल्या जखमेतून स्टॅफिलोकोकस जिवाणू लागतो आणि पदार्थ उन्हात राहिला की विष साठते. हेही विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. जेवणानंतर एक ते सहा तासांत एकाच पंगतीतल्या अनेकांना उलट्या झाल्या तर हे लक्षात घ्या आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा. उरलेले अन्न फेकू नका, तपासणीसाठी झाकून ठेवा.

बुरशी लागलेले दाणे. ओलसर जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांवर आणि मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. हे यकृताचे विष आहे. स्वयंपाकाच्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागांत असा मका खाऊन शंभराहून जास्त माणसे दगावली. कडू, काळपट, सुरकुतलेला दाणा निवडून टाका. जनावरांनाही घालू नका.

## माती, जखमा आणि डास

धनुर्वात. या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे टिकतात. ऊस तोडताना कोयता लागला, पायात काटा किंवा खिळा घुसला तर जखम भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, हळद-माती-शेण लावू नका आणि टीडी लसीबाबत विचारा. नाळेलाही तेल, राख, शेण काहीही लावायचे नाही.

लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातला जिवाणू साचलेल्या पाण्यातून पायाच्या भेगांमध्ये शिरतो. उसात आणि पाणी भरलेल्या शेतात काम करणाऱ्यांना धोका जास्त. गमबूट वापरा. पावसाळ्यात ताप, पोटऱ्या खूप दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर शेतातल्या पाण्यात उतरला होतात हे सांगा.

डेंगी, चिकुनगुनिया, झिका. हे विषाणू एडिस डासातून येतात. २०२१ साली महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण शेजारच्या पुरंदर तालुक्यात, बेलसर गावी आढळला. हा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, हौद, कुलरची टाकी रिकामी करून घासून कोरडी करा. नुसते पाणी ओतून दिले तर भिंतीला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

टीबी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणे, संध्याकाळी ताप अशी लक्षणे असतील तर थुंकी तपासा. तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिना १,००० रुपये मिळतात.

## जुलाब झाले तर घरी काय कराल?

लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि काही दिवसांत आपोआप थांबतात. धोका जंतूपेक्षा शरीरातले पाणी आणि क्षार कमी होण्याचा असतो. १९७१ च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. आज ओआरएसचे पाकीट आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मिळते.

1. पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. पाकिटावर वेगळे माप लिहिले असेल तर ते पाळा. अर्धे पाकीट, अर्धा ग्लास असा अंदाज करू नका.
2. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ जास्त होऊ देऊ नका.
3. चमच्या-चमच्याने, सतत पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा.
4. उरलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्या.
5. अंगावरचे दूध बंद करू नका. मऊ भात, डाळीचे पाणी, दही, केळे चालू ठेवा.
6. मुलांना १४ दिवस झिंकची गोळी द्या. जुलाब थांबले तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.

जुलाब एकदम बंद करणारी गोळी लहान मुलांना देऊ नका. रक्ताचे जुलाब असतील तर मोठ्यांनीही ती घेऊ नये.

## अँटिबायोटिक: कधी हवे, कधी नको?

'डॉक्टर, एक इंजेक्शन द्या, सलाईन लावा, उद्या कामावर जायचंय,' असे दवाखान्यात रोज ऐकू येते. मागणी समजण्यासारखी आहे. दिवसाची मजुरी बुडते. पण सर्दी, बहुतेक घसादुखी, फ्लू, डेंगी आणि लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब यांत अँटिबायोटिक काहीच करत नाही. उलट आतड्यातले चांगले जिवाणू मारते आणि त्यामुळेच कधीकधी जुलाब सुरू होतात.

आणखी मोठे नुकसान म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणू. गरज नसताना किंवा अर्धवट औषध घेतले की कमजोर जिवाणू मरतात आणि औषध सोसणारे मागे उरून वाढतात. पुढे खरोखर न्यूमोनिया किंवा टायफॉइड झाला तर नेहमीचे औषध चालत नाही. महागडी इंजेक्शने आणि लांबलेला मुक्काम यांचा खर्च कुटुंबावर पडतो.

औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलेच तर सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. डॉक्टरांना हे जरूर विचारा: 'हा आजार विषाणूचा आहे की जिवाणूचा? अँटिबायोटिकची खरंच गरज आहे का?'

## ताबडतोब रुग्णालयात कधी न्याल?

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा.

- मूल सुस्त पडले आहे, पीत नाही, डोळे खोल गेले आहेत, सहा तासांत लघवी झालेली नाही
- शौचातून रक्त, सतत उलट्या, भाताच्या पेजेसारखे खूप जुलाब
- पायांतली ताकद कमी होणे, मुंग्या येऊन चालता न येणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास
- तापासोबत मान ताठ होणे, झटके, बडबड, शुद्ध हरपणे
- ताप उतरल्यावर जोराची पोटदुखी, नाका-हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे
- जबडा न उघडणे, पाठ ताठ होणे
- दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला कसलाही ताप

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोज दही खाल्ले तर जुलाब होणार नाहीत का?
दही चांगले अन्न आहे, पण ते दूषित पाण्यावरचा उतारा नाही. दही खा आणि पाणीही उकळा.

घर रोज जंतुनाशकाने पुसावे का?
गरज नाही. साधा साबण आणि पाणी पुरते. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी आणि गोठ्यातून आल्यावर वीस सेकंद साबणाने हात धुवा. हातावर माती-शेण असेल तर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

नवजात बाळाला मध चाटवला तर चालेल का?
नाही. मधात बॉट्युलिझम करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्याचा त्रास होत नाही, कारण आपल्या आतड्यातले जिवाणू त्याला वाढू देत नाहीत. बाळाकडे ती फौज अजून तयार नसते. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको.

आम्ही ऊसतोडीसाठी आलो आहोत. मुलांच्या लसी राहिल्यात, आता काय?
जिथे आहात तिथल्या उपकेंद्रात जा. लसीकरण कार्ड गावी राहिले असेल तरी जा. राहिलेल्या लसी पुढे देता येतात. जुलाबावरची रोटाव्हायरस लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात आणि ती सरकारी केंद्रात मोफत आहे. तिला वयाची मर्यादा असते, म्हणून लवकर जा.

घरात एकाला जुलाब झाले, बाकीच्यांनी काय करावे?
रुग्णाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये. रुग्ण आणि त्याची सेवा करणारे दोघांनीही साबणाने हात धुवावेत. नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर सॅनिटायझर कमी पडते. आजूबाजूच्या दोन-चार घरांतही जुलाब सुरू असतील तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. गळकी पाइपलाइन किंवा बिघडलेली विहीर लवकर सापडली तर पूर्ण वस्ती वाचते.

ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. तुमच्या आजाराचे निदान आणि औषध तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीनंतरच ठरवावे.